खिशातला एसएक्स७४० की गळ्यातला डी३५००

आमच्या घरात दोन्ही आहेत म्हणून सगळे मलाच विचारतात, छोटा डिजिटल घेऊ का एसएलआर (आरशातून बघायचा, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा). निकॉन डी३५०० माझा, कॅनन पॉवरशॉट एसएक्स७४० वहिनीचा. दोन्ही २०१८ सालचे, म्हणजे आता जुनेच म्हणायचे, डी३५०० तर कंपनीने बंदच केलाय, मिळाला तर सेकंडहँड. पण बजेट बघून घेणाऱ्यासमोर प्रश्न अजून तोच आहे. लॅबमधल्या टेस्ट मी सांगत नाही, जळगाव-धुळे-नंदुरबारकडे आपण जे काढतो, कानबाई (आमच्या खान्देशात श्रावणात घरी बसवतात ती देवी), घोडेबाजार, धरणावरचे पक्षी, लग्नं, त्यात कोण टिकतं तेवढंच बोलतो.

एक आधीच सांगून टाकतो, साधा चार-पाच पट झूमवाला छोटा कॅमेरा आता घेऊच नका, मोबाइलवाल्याला त्याचा काही उपयोग नाही. मोबाइल पटापट चार-पाच फोटो काढून त्यातून एक चांगला बनवतो, ती अक्कल त्या छोट्यात नसते. छोटा घ्यायचाच तर लांबच्या झूमसाठी घ्या, नाहीतर सोनी आरएक्स१०० सारखा एक इंची सेन्सरवाला (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारी चिप) बघा, पण तो हातात घेतल्यावर किंमत विचारली की माणूस परत एसएलआरकडेच वळतो.

आता झूम. एसएक्स७४० ला ४० पट आहे, म्हणजे २४ ते ९६० एमएम (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), आणि वजन फक्त ३०० ग्रॅम. हिवाळ्यात हतनूर धरणावर चक्रवाक येतात, काठावरून ते बऱ्यापैकी लांब असतात, तिथे माझी ७०-३०० ची लेन्स ताणून ताणून ४५० एमएमएवढीच पोचते (डी३५०० वर लेन्सचा आकडा दीडपट धरायचा) आणि पक्षी फोटोच्या मधोमध चिंचोक्याएवढा दिसतो. वहिनी मात्र सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याची चोचसुद्धा दाखवते. तिथे मी गप्प. पण झूम पूर्ण ताणला की तिच्या लेन्सचं तोंड एफ ६.९ वर जातं (एफचा आकडा मोठा तितकं तोंड बारीक, उजेड कमी), ढग आले किंवा ऊन कललं की आयएसओ, म्हणजे कमी उजेड भरून काढायला कॅमेरा वाढवतो तो आकडा, वर चढतो आणि पिसांचा नुसता लगदा होतो. शिवाय या कॅमेऱ्यात रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) नाही, त्यामुळे जे जेपीजी निघालं ते निघालं, नंतर सुधारायला फार जागा राहत नाही.

दुसरी अडचण कोणत्याच जाहिरातीत सांगत नाहीत आणि आपल्याकडे तीच सगळ्यात मोठी आहे, ती म्हणजे ऊन. एसएक्स७४० ला डोळा लावायची खिडकी नाही, मागची स्क्रीन बघूनच फोटो काढायचा, आणि भुसावळच्या मे महिन्यात, ४५ डिग्रीत, दुपारी १२ वाजता त्या स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर वहिनीने ओढणी डोक्यावरून घेऊन, तंबू करून फोटो काढलेत, बघणारे हसत होते. डी३५०० ला आरशातून थेट डोळ्यात दिसतं, उन्हाचा संबंध नाही, आणि स्क्रीन बंदच राहत असल्यामुळे बॅटरी संपता संपत नाही. कंपनी १५५० फोटो म्हणते, छोट्याचे २६५. बॅगेत एक्स्ट्रा बॅटरी नसेल तर छोट्यावाल्याने एखाद्या हळदीच्या कार्यक्रमापलीकडे विचार करू नये.

पण खरा निकाल लागतो तो रात्री. कानबाईची रात्र घ्या. श्रावणातला रविवार, चौरंगावर कानबाई बसलेली, नारळाला डोळे, नथ, बाजूला केळीचे खांब, एक समई आणि त्यावर पोरांनी लावलेली रंग बदलणारी लायटिंगची माळ, आणि समोर बायकांच्या फुगड्या चालू. छोट्याने फ्लॅश मारला की नथीवर पांढरा ठिपका, मागे भिंतीवर काळी सावली आणि समईचा पिवळेपणा गायब. फ्लॅश बंद केला तर शटर इतकं हळू होतं की फुगडीवाल्या दोघींच्या जागी रंगाचे दोन पट्टे येतात, आयएसओ वाढवला तर चेहऱ्यावर वाळू टाकल्यासारखी नॉइज. यात कॅमेऱ्याचा दोष नाही, त्याचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ एमएमचा, डी३५०० चा २३.५ बाय १५.६, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ १३ पट, उजेडच तितका गोळा होतो. त्यात एफ १.८ ची लेन्स लावली की आयएसओ १६००, शटर सेकंदाचा १२५ वा भाग, आणि समईचा उजेड गालावर जसा पडलाय तसाच्या तसा येतो.

इथे एक सूचना, दुकानदार सगळ्यांना ५० एमएम एफ १.८ गळ्यात मारतात. डी३५०० वर ती ७५ सारखी वागते, आपल्या घरातल्या पुढच्या खोलीत पाठ भिंतीला लागते तरी अख्खी कानबाई मावत नाही. ३५ एमएम एफ १.८ घ्या. आणि स्वस्तात मिळते म्हणून जुनी "डी" वाली ५० घेऊ नका, डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, ती लेन्स हाताने फिरवत बसावी लागेल. एएफ-एस लिहिलेली बघा, तिच्यात मोटर आतच असते.

अजिंठ्यालाही हेच, आत फ्लॅश चालत नाही, गुहेत अंधार, मोठ्या तोंडाच्या लेन्सशिवाय चित्रांचे रंग हाती लागत नाहीत.

(उजेडाचं एवढं का लावलंय म्हणाल तर चाळीसगावला स्टेशनजवळ फोटोग्राफर केकी मूस यांचं कलादालन आहे, ते जाऊन बघा. १९८९ साली गेलेला माणूस, टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यावर उजेड असा सोडायचा की खरंच डोंगर-नदी वाटावी. जळगाव-मुंबई गाडीत बसता ना, एकदा मध्ये उतराच.)

बरं, मग वहिनीचा कॅमेरा वाया गेला का, तर नाही. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात मी डी३५०० गळ्यात घालून शिरलो की घोडेवाला लगाम आवळून, मिशीवर हात फिरवून सरळ उभाच राहतो, "कोणत्या पेपरचे?" म्हणून विचारतो, आणि मागून कोणीतरी "कितलाले पडना रे भाऊ?" (केवढ्याला पडला?) सुरू करतो. गेला फोटो. वहिनी पर्समधून काढते, काढते आणि ठेवते, कोणाच्या लक्षातही येत नाही. वर मला ऐकवते, "भाऊजी, तुमचं ते झाकण निघेपर्यंत माझे फोटो ग्रुपवर गेले पण." खरंय ते. मात्र घोडा पळायला लागला की मी तिच्याकडे बघतो, कारण स्क्रीनवर पळता घोडा पकडायचा म्हणजे घोडा पुढे आणि फोटोत नुसती शेपटी. खिडकीला डोळा लावून घोड्याबरोबर कॅमेरा फिरवायची मजा वेगळीच.

व्हिडिओवाल्यांनी डी३५०० घेऊ नये. फोर-के नाही, माइक लावायला जागा नाही, व्हिडिओत फोकस शोधत बसतो. वहिनीच्यात फोर-के आहे, स्क्रीन वर उलटून स्वतःलाही दिसते, रील्ससाठी तोच बरा.

धूळ दोघांनाही खाते पण वेगवेगळी. एसएलआरमध्ये बाजारात लेन्स बदलली तर सेन्सरवर धूळ बसते, ती साफ होते. छोट्याची झूमची नळी आतबाहेर करते तेव्हा धूळ आत ओढते, माझ्या आधीच्या एका छोट्या कॅमेऱ्यात असा एक केस आकाशाच्या प्रत्येक फोटोत यायला लागला आणि तो काढायला सांगितलेल्या पैशात अर्धा नवीन कॅमेरा आला असता.

तर माझं मत, घरात चांगला मोबाइल असेल आणि रात्रीचे, घरातले, माणसांचे फोटो जास्त असतील तर सेकंडहँड डी३५०० आणि ३५ एमएम, डोळे झाकून. फिरतीवर, पक्षी लांबून, व्हिडिओ, ओझं नको, तर एसएक्स७४०. एसएलआर आता संपला, मिररलेस (आरसा नसलेला) घ्या असं सांगणारे भेटतील, त्यांचं चूक नाही, पण एएफ-एस लेन्स पुढे एफटीझेड अडॅप्टर लावून निकॉनच्या झेड या मिररलेस कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससकट चालतात, त्यामुळे लेन्सचे पैसे बुडत नाहीत.

जुना घेताना शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढलेत तो आकडा, विचारा. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून ठिपके, म्हणजे सेन्सरवरची धूळ, बघा. आणि लेन्समधून मोबाइलची टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का तपासा, दिसली तर कितीही स्वस्त सांगू द्या, तिथेच ठेवून या.