ॲक्टिवाचे टायर बदलून नऊ महिने, त्यात रत्नागिरीचा एक अख्खा पावसाळा

गाडी ॲक्टिवा ५जी, २०१९ ची. दोन वर्षांपूर्वी पालीच्या शाळेत आले, तोवर ती गावातल्या गावातच फिरायची. आता रोज नाचण्याहून हातखंब्यावरून पाली आणि परत, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. गेल्या मेअखेरीस दोन्ही टायर बदलले तेव्हा मीटर २७,१०० दाखवत होता, आज ३४,३०० दाखवतोय. सात हजारांवर किलोमीटर झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, कारण पहिल्या आठवड्यात सगळेच टायर बरे वाटतात.

खरं तर बदलायचे होते जूनच्या पहिल्या आठवड्यात. शाळा १६ जूनला, पाऊस सात तारखेच्या आसपास, असा हिशोब. पण २०२५ ला पाऊस २५-२६ मेलाच कोकणात हजर. मारुती मंदिराच्या सर्कलला वळताना पुढचं चाक रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर गेलं आणि काही कळायच्या आत मी खाली. वेग असेल पंधरा-वीसचा. गुडघा सोलवटला, पिशवीतले टोमॅटो रस्ताभर. गाडी उभी करून देणाऱ्या रिक्षावाल्या दादांनी टायरवर हात फिरवला नि म्हणाले, "ताई, हा तर गोटा झालाय." मागचा घासलाय हे मला माहीत होतं. पुढच्याकडे वाकून कधी पाहिलंच नव्हतं. खाचांच्या तळाशी मधूनमधून जे उंचवटे असतात, त्यांच्या पातळीला रबर आलं की टायर संपला. माझ्या पुढच्या टायरवर ते उंचवटे शोधावेच लागले नाहीत.

पहिल्या दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, पुढचा राहू दे, मागचा एकच बदला. बहुतेकांना हाच सल्ला मिळतो, कारण इंजिनाचं वजन, मागे बसणारा माणूस आणि ओढ हे सगळं मागच्या चाकावर, म्हणून तो आधी झिजतो. पण मागचं चाक घसरलं तर पाय टेकून सावरायला निदान क्षणभर मिळतो. पुढचं गेलं की थेट जमीन. दोन्ही घेणार म्हटल्यावर त्याने आतून एक जोडी आणली, "दोनशे कमी देतो" म्हणत. भावाने फोनवर सांगून ठेवलं होतं, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून टायरची कड बघितली. लांबलचक अक्षरांच्या शेवटी एका लंबगोलात चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे होतं ०७२२. म्हणजे २०२२ चा सातवा आठवडा, फेब्रुवारी. सव्वातीन वर्षं पडून राहिलेलं रबर, दोनशे रुपये सवलतीत. वरून दिसायला अगदी नवं कोरं, काळंभोर, केसांसारखे रबराचे काटेसुद्धा जागेवर. मी आले निघून.

मग दोन दिवस ब्रँडचा घोळ. एमआरएफ झॅपर, सिएट मिलेझ, टीव्हीएस युरोग्रिप, जेके... स्टाफरूममध्ये जितके सर तितकी मतं. शेवटी दुसऱ्या दुकानात झॅपर १४२५ तारखेचा मिळाला, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला, जेमतेम दोन महिन्यांचा. तारखेने निकाल लावला. मिलेझ तितका ताजा मिळाला असता तर तो घेतला असता, त्यात मला फार फरक वाटत नाही.

साइज ९०/१००-१० ५३जे, ट्यूबलेस. (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंची त्या रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिम किती इंची.) ५जीला पुढे-मागे एकच साइज. ६जीवाल्यांनी हे वाचून तसंच मागू नये, त्यांचं पुढचं चाक बारा इंची आहे. दुकानदार १००/९०-१० घ्या म्हणत होता, "रुंद आहे, पकड वाढेल." बसतोही तो, कारण नव्वदचे शंभर टक्के काय आणि शंभरचे नव्वद टक्के काय, उंची नव्वद मिलिमीटरच. रुंदी मात्र दहा मिलिमीटरने वाढते. रस्त्याच्या चौपदरीकरणाच्या कामाचा लाल चिखल ज्यांच्या मडगार्डमध्ये रोज अडकतो त्यांना ती जागा मोलाची असते. मी कंपनीची साइज ठेवली. ५३ म्हणजे एका टायरवर २०६ किलोपर्यंत भार आणि 'जे' हे अक्षर म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंत वेग. मला दोन्ही पुरून उरतं.

दोन टायर, हवा भरायचे दोन नवे व्हॉल्व्ह आणि बसवणावळ मिळून ३,४०० गेले. (सप्टेंबरात टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. आमचं नशीब असंच.)

बसवताना उभं राहून बघा. या गाडीचं मागचं चाक सायलेन्सर उतरवल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे वेळ लागतो आणि आपण चहाला जातो. मीही गेले. तिसऱ्या दिवशी गाडी पुसताना दिसलं की पुढच्या टायरच्या कडेवरचा बाण उलटा आहे. चाक पुढे फिरतं त्या दिशेला बाण हवा, कारण खाचांची नक्षी पाणी बाहेर फेकायला त्या बाजूने कापलेली असते. परत गेले, कुरकुरत का होईना, त्यांनी फिरवून दिला.

पहिले दीडशे किलोमीटर जपून चालवली. नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीतपणा असतो, तो घासून जाईपर्यंत ओल्या रस्त्यावर भरवसा नाही. त्यानंतर जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसात डांबरी रस्त्यावर गाडी एकदाही घसरली नाही. रस्त्याचं काम चालू आहे तिथे पसरलेल्या खडीवर हँडल थोडं डुलतं, पण हातातून जात नाही. गणपतीत आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला गेलो, मुलगा मागे; समुद्राकडच्या त्या उतारावरच्या वळणांना पूर्वी पोटात गोळा यायचा, या वेळी नाही आला. शेवाळ धरलेल्या पेव्हर ब्लॉकवर मात्र कुठलाच टायर कामाचा नाही. आमच्या शाळेच्या आवारात मी अजूनही दोन्ही पाय खाली सोडूनच येते, मुलं हसतात.

नऊ महिन्यांत तक्रार एकच निघाली, तीही टायरची नाही. ऑगस्टमध्ये मागच्या चाकातली हवा दर तीन-चार दिवसांनी उतरायला लागली. मी टायरला बोल लावत बसले. कुवारबावच्या पंक्चरवाल्या काकांनी चाक पाण्यात बुडवलं तर खिळा नाही, काही नाही. बुडबुडे येत होते रिमच्या काठावरून. टायर सोडवल्यावर आतून रिमला गंजाची खपली धरलेली. पत्र्याची रिम, खारी हवा आणि मागच्या मालकाने कधीतरी भरलेलं पंक्चरचं लिक्विड आत सुकून बसलेलं. "मॅडम, टायर टाकताना रिम घासून घ्यायला हवी होतीत," काका म्हणाले. ते दुकानदाराने सांगितलं नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं. तारेच्या ब्रशने घासून, रंग मारून, वाळवून पुन्हा बसवला. तेव्हापासून हवा महिनाभर टिकते. ऑक्टोबरात खरोखरचा खिळा बसला तेव्हा बाहेरून भोकात रबराची वात न घालता आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीच्या आकाराचं ठिगळ, लावून घेतला. थोडा महाग पडला, पण त्याकडे पुन्हा बघावं लागलं नाही.

हवेबद्दल आणखी एक. पुढे २२, मागे एकटीला २९, कोणी बसणार असेल तर ३६, हे गाडीच्या पुस्तकातले आकडे. पेट्रोल पंपावरचा पोरगा दोन्हींत सरसकट ३५ मारतो. पुढे ३५ असलं की खडीवर चाक चेंडूसारखं उडतं. मी आता छोटा गेज डिकीत ठेवते आणि सकाळी निघायच्या आधी, टायर थंड असताना बघते.

ॲव्हरेज होतं तेवढंच, ४५-४६. परवा पट्टी घालून खाचा मोजल्या : पुढच्याची झीज जेमतेम एक मिलिमीटर, मागचा निम्म्याच्या थोडा वर उरलाय. काका म्हणतात, दोन्ही एकाच साइजचे आहेत, मेमध्ये पुढचा मागे टाका आणि मागचा पुढे, दोन्ही सारखे झिजतील. मी नको म्हटलंय. मागचा संपला की मागे नवा टाकेन, पण पावसाळ्याच्या तोंडावर निम्मा झिजलेला टायर पुढे लावून मारुती मंदिराच्या सर्कलला मी परत वळणार नाही.