फुटबॉल मॅनेजर २०२४ : खालच्या लीगमधल्या क्लबसाठी स्ट्रायकर मिळवायचा तर

फुटबॉल मॅनेजर हा क्लबचा व्यवस्थापक होऊन खेळायचा कॉम्प्युटर गेम. मँचेस्टर सिटी घेऊन तो खेळणाऱ्याला हा गेम निम्माच कळतो. तिथं पैसे टाकले की खेळाडू येतो. नॅशनल लीग नॉर्थ किंवा साउथमधला एखादा क्लब घ्या. ही इंग्लंडच्या फुटबॉलची सहावी पायरी, आणि जादा फाइल न टाकता गेममध्ये खेळता येणारी शेवटचीही. खेळाडू विकत घ्यायला खात्यात शून्य पौंड, स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, एक किंवा दोन, निम्मा संघ दिवसा दुसरी नोकरी करणारा. आणि ज्या स्ट्रायकरवर, म्हणजे गोल करायला पुढे खेळणाऱ्या खेळाडूवर, तुमचा डोळा आहे त्याच्यावर त्याच लीगमधल्या आणखी तीन क्लबांचाही. ही ओढाताण या गेमइतकी बारकाईनं दुसऱ्या कुठल्याच फुटबॉल गेममध्ये दिसत नाही, आणि एवढ्यासाठीसुद्धा तो खेळावा असं ठाम मत आहे.

सांगली-मिरजेच्या फुटबॉलवेड्या माणसाला हे चित्र परकं वाटणार नाही. पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब अशा संघांत हंगामाआधी चांगल्या खेळाडूसाठी कशी चढाओढ लागते, हे शाहू स्टेडियमवर जाणाऱ्यांना ठाऊक आहे. गेममधली चढाओढ तशीच असते, फक्त तिथं प्रत्येक गोष्ट करारातल्या कलमावर ठरते. ती कलमं समजून घेतली नाहीत तर आठवडाभर पाठपुरावा केलेला पोरगा शेवटच्या दिवशी दुसऱ्याची जर्सी घालतो.

आधी आवृत्तीबद्दल. २०२४ ची आवृत्ती ६ नोव्हेंबर २०२३ ला आली. २०२५ ची आवृत्ती गेम बनवणाऱ्या कंपनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द केली, आणि त्यानंतरची, २०२६ ची, ४ नोव्हेंबर २०२५ ला नव्या इंजिनवर आली. तिच्यात महिला फुटबॉल पहिल्यांदाच आलं, पण पडद्यांची मांडणी सगळी बदलली. खालच्या लीगमध्ये ज्यांचा हात बसलाय असे बरेच जण अजून २४ च उघडतात. हे परीक्षणही तिचंच.

किमान ४ जीबी रॅम आणि ७ जीबी जागा लागते असं कंपनी सांगते. चार जीबीवर गेम चालू होतो, पण दिवस पुढे सरकताना वाट बघावी लागते. आठ जीबी असेल तर फक्त इंग्लंड सहाव्या पायरीपर्यंत चालू ठेवा आणि बाकी देश बंद. सुरुवातीच्या पडद्यावर वेगाचा अंदाज ताऱ्यांत दिसतो, तो पडला की एखादी लीग कमी करा. ग्राफिक्स कार्ड नसेल तर सामना टू-डीमध्ये बघा, स्ट्रायकरची धाव त्यातही कळते. वळवाच्या पावसात वीज जाते, लॅपटॉपची बॅटरी जुनी असते, आणि सेव्ह होत असतानाच मशीन बंद पडलं तर फाइल बिघडू शकते. म्हणून सेटिंगमध्ये रोलिंग ऑटोसेव्ह लावा. तो आळीपाळीनं वेगवेगळ्या फाइलींत साठवतो, एक गेली तरी दुसरी हाताशी राहते.

आता मुख्य गोष्ट. गेम सुरू होतो तो उन्हाळ्यात, हंगामाच्या तोंडावर. त्याच वेळी वरच्या क्लबांनी सोडलेले शेकडो खेळाडू मोकळे असतात. शोधाच्या पडद्यावर तीन चाळण्या लावा : क्लब नसलेला, स्ट्रायकर, आपल्याकडे यायला तयार. तरीही यादी लांबच निघते. ती आखूड करायला गोल करण्याचा आकडा, म्हणजे फिनिशिंग, सगळ्यात आधी बघू नका. वेग आणि प्रवेग आधी बघा. गुण १ ते २० मध्ये असतात. सहाव्या पायरीवर या दोन्हीत १३-१४ असलेला आणि फिनिशिंगला जेमतेम ९-१० असलेला पोरगा, फिनिशिंग १३ पण वेग ७ असलेल्या तिशीतल्या माणसापेक्षा जास्त गोल करतो. या पातळीवरचे सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, संथ असतात. त्यांच्या मागं पडलेला चेंडू जो आधी गाठेल त्याला हंगामभरात इतक्या संधी मिळतात की निम्म्या वाया गेल्या तरी चालतं. त्यानंतर ऑफ द बॉल (चेंडू नसताना जागा घेणं), कंपोझर (दडपणात डोकं शांत ठेवणं), वर्क रेट (मेहनत). उंच चेंडूवर खेळायचं असेल तरच जंपिंग रीच (उडी मारून गाठायची उंची), आणि मग भूमिका टार्गेट फॉरवर्डची. वेगवान पोराला ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड किंवा पोचर (गोलजवळ टपून राहणारा) ही भूमिका द्या.

काही गुण पडद्यावर दिसतच नाहीत : सातत्य, मोठ्या सामन्यातली हिंमत, दुखापतीची प्रवृत्ती. ते स्काउटच्या अहवालातल्या वाक्यांत लपलेले असतात. म्हणून तो अहवाल ताऱ्यांपुरता न वाचता शब्द न् शब्द वाचा. ‘दुखापत लवकर होते’ असं वाक्य आलं की छोट्या क्लबनं तिथंच थांबावं. तुमच्याकडे दुसरा स्ट्रायकर ठेवायला पैसे नसतात.

पण अहवाल पूर्ण व्हायची वाट बघत बसणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. खेळाडूबद्दलची माहिती टक्क्याटक्क्यानं वाढते, तोवर गुण ‘८–१२’ असे पट्ट्यात दिसतात. माहिती शंभर टक्के होईपर्यंत बाकीच्या क्लबांनी ऑफर टाकलेली असते. वेगाचा पट्टा खालच्या टोकालाही पुरेसा वाटत असेल तर ऑफर टाका. शंका असेल तर मोकळ्या खेळाडूला ट्रायलला बोलवा आणि सरावाच्या सामन्यात खेळवा, त्याचे गुण झपाट्यानं उघडतात. ट्रायलमध्ये धोका एकच : तो तुमचा झालेला नसतो, आणि ट्रायल चालू असतानाच दुसरा क्लब त्याला करार देऊ शकतो. त्यामुळे खेळाडूच्या नावापुढे दुसऱ्या क्लबांना तो हवा असल्याची खूण दिसली की ट्रायलचा नाद सोडा आणि सरळ कराराकडे वळा.

करार तीन तऱ्हांचे, आणि सगळी लढाई इथं जिंकली किंवा हरली जाते. पहिला पूर्णवेळ, दुसरा अर्धवेळ, तिसरा नॉन-कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे कराराशिवाय खेळणारा. हा तिसरा प्रकार दुधारी आहे. प्रतिस्पर्धी क्लबचा स्ट्रायकर नॉन-कॉन्ट्रॅक्टवर असेल तर एक पौंडही न देता, केव्हाही, तुम्ही त्याच्याशी बोलणी करू शकता. शोधात ही चाळणी लावली तर त्याच लीगमध्ये गोल करत असलेले स्ट्रायकर सापडतात. पण तोच नियम तुम्हालाही लागू. स्वस्तात मिळतोय म्हणून पोराला नॉन-कॉन्ट्रॅक्टवर घेतलं, ऑक्टोबरपर्यंत त्यानं आठ गोल केले, की शेजारचा क्लब त्याला फुकट उचलतो आणि तुमच्या हातात काही राहत नाही. पहिल्या चार-पाच सामन्यांत पोरगा चालतोय असं दिसलं की लगेच अर्धवेळ करार पुढे करा.

करार किती वर्षांचा? या पातळीवर एक वर्ष, आणि क्लबच्या मर्जीनं आणखी एक वर्ष वाढवायचं कलम. खेळाडू फसला तर पगार अंगावर राहत नाही, चालला तर तो फुकट जात नाही. तीन वर्षांचा करार देऊन अडकलेले क्लब गेममध्ये पदोपदी दिसतात.

पगारात मूळ रक्कम कमी ठेवा आणि सामन्यामागं, गोलमागं रक्कम द्या. हिशोब करून बघा. लीगमध्ये २४ संघ, म्हणजे ४६ सामने. आठवड्याला सरळ ३०० पौंड दिले तर वर्षाचे १५,६०० होतात. त्याऐवजी आठवड्याला २००, सामन्यामागं ६० आणि गोलमागं ५० द्या. सगळे सामने खेळून २० गोल केले तर खर्च १०,४०० अधिक २,७६० अधिक १,०००, म्हणजे १४,१६०. दुखापतीनं अर्धा हंगाम गेला आणि दहाच गोल झाले तर १२,२८०. खेळाडूला तेजीत कमाई दिसते, क्लबला पडत्या काळात आधार मिळतो. बऱ्याच खालच्या खेळाडूंना एजंट नसतो, तेव्हा त्याची फी वाचते. ती थेट पगारात घाला, समोरच्या क्लबला हरवायला तेवढं पुरतं.

बोलणीच्या पडद्यावर प्रत्येक कलमापुढे कुलूप आहे. कुलूप लावलं की ते कलम ठाम. एकाच वेळी चार-पाच कुलपं लावली तर एजंटचा संयम संपतो आणि तो उठून जातो. मूळ पगार आणि रिलीज क्लॉज (ठरलेली रक्कम भरली की क्लबला खेळाडू सोडावाच लागतो असं कलम) या दोन्हींनाच लावा. रिलीज क्लॉज टाळता येत नसेल तर ‘फक्त वरच्या श्रेणीतल्या क्लबसाठी’ असा पर्याय निवडा. मग त्याच लीगमधला प्रतिस्पर्धी ते पैसे भरून जानेवारीत तुमचाच स्ट्रायकर तुमच्याविरुद्ध उभा करू शकत नाही. हे कलम न वाचता ‘हो’ म्हणणाऱ्यांना त्याची किंमत ऐन शर्यतीत मोजावी लागते.

संघातलं स्थान हे पैशाइतकंच वजनदार आहे. तीन क्लबांची रक्कम जवळपास सारखी असेल तर खेळाडू जिथं जास्त खेळायला मिळेल तिथं जातो. मोठ्या नावाच्या क्लबला हरवायचं हे छोट्या क्लबचं खरं हत्यार. पण ‘स्टार प्लेअर’चं वचन दोन स्ट्रायकरांना देऊ नका. ज्याला बाकावर बसवाल तो नाराज होतो, मग ड्रेसिंग रूममध्ये त्याची बाजू घेणारे निघतात, आणि निकाल घसरतात.

वेळेचं गणितही नीट समजून घ्यायला हवं. लीग टूपासून (चौथी पायरी) वरचे क्लब दुसऱ्या क्लबचे खेळाडू उन्हाळी आणि जानेवारीच्या खिडकीत, म्हणजे नोंदणीच्या ठरलेल्या मुदतीतच, नोंदवू शकतात; क्लब नसलेल्या मोकळ्या खेळाडूंना मात्र ते खिडकीबाहेरही घेऊ शकतात. नॅशनल लीगच्या क्लबांना मार्चच्या चौथ्या गुरुवारपर्यंत मुभा असते. म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर या काळात दुसऱ्या क्लबांतल्या स्ट्रायकरसाठी तुमची स्पर्धा मुख्यतः खालच्या पायऱ्यांवरच्यांशीच. उन्हाळ्यात वरच्या क्लबांची वाट बघत बसलेले पोरगे ऑक्टोबरात कमी पगारावर तयार होतात. एक जागा आणि थोडा पगार तेव्हासाठी राखून ठेवा.

लोनवर, म्हणजे उसने, चॅम्पियनशिप (दुसरी पायरी) क्लबांचे तरुण स्ट्रायकर मिळतात, कधी कधी पगाराचा वाटा शून्य देऊनही. त्यात परत बोलावण्याचं कलम असेल तर जानेवारीत पोरगा जाणार असं धरूनच चाला.

विक्रीची बाजू २४ मध्ये सुधारली आहे. मध्यस्थ नेमून खेळाडू बाजारात फिरवता येतो, त्याचा मोबदला द्यावा लागतो पण गिऱ्हाईक येतं. विकताना पुढच्या विक्रीतला वाटा, म्हणजे सेल-ऑन, मागितल्याशिवाय सही करू नका. इंग्लंडचा स्ट्रायकर जेमी वार्डीचं उदाहरण डोळ्यापुढे ठेवा. आधी स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स, मग हॅलिफॅक्स, मग फ्लीटवूड, असे छोटे क्लब. तिथं २०११-१२ च्या हंगामात लीगमध्ये ३१ गोल, आणि मे २०१२ मध्ये लेस्टरनं त्याच्यासाठी दहा लाख पौंड मोजले, जी तेव्हा नॉन-लीग, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांखालच्या, खेळाडूसाठीची विक्रमी रक्कम होती. चार वर्षांनी तो प्रीमियर लीगचा विजेता होता. खालच्या क्लबचं अंदाजपत्रक अशा एका खेळाडूवर कित्येक वर्षं चालू शकतं.

उणिवाही आहेत. प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये नॉन-कॉन्ट्रॅक्ट खेळाडूशी बोलण्याआधी त्याच्या क्लबला सात दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. त्या सात दिवसांत जुना क्लब त्याला करार देऊन थांबवू शकतो. गेममध्ये ही रंगत नाही, ऑफर थेट जाते. दुसरं, अर्धवेळ खेळाडू क्लब निवडताना कामावरून मैदानापर्यंतचं अंतर आणि आठवड्यातल्या सरावाच्या संध्याकाळी मोजतो, कारण सकाळी त्याला कामावर उभं राहायचं असतं. गेममधला खेळाडू दोनशे मैलांवरच्या क्लबलाही सहज होकार देतो. छोट्या क्लबांच्या ओढाताणीत हाच मुद्दा बहुतेकदा निर्णायक ठरतो, आणि तोच इथं हरवतो. गेम मराठीत नाही, हिंदीतही नाही. करारातली इंग्रजी कलमं समजायला पहिला हंगाम जातो.

भारताच्या लीग गेममध्ये खेळता येतात, पण सांगली-कोल्हापूरचे जिल्हा पातळीवरचे सामने त्यात नाहीत. स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) गेमसोबत प्री-गेम एडिटर, म्हणजे गेमची माहिती बदलायचं साधन, फुकट मिळतो, लायब्ररीत टूल्सखाली सापडतो. त्यात डेटाबेस उघडून सांगलीचा क्लब तयार करा, मैदान आणि रंग भरा, आणि भारतातल्या एखाद्या लीगमधल्या क्लबशी त्याची अदलाबदल करा. नुसता जोडू नका. लीगमधल्या संघांची संख्या बदलली की नियम जुळत नाहीत. फाइल डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरात ‘एडिटर डेटा’खाली ठेवा आणि नवा गेम सुरू करताना तिच्यापुढे खूण करा. जुन्या सेव्हमध्ये ती लागू होत नाही. खेळाडू भरताना ताकदीचा आकडा २०० पैकी द्यायचा असतो. आपल्या पोरांवरच्या मायेनं तो फुगवू नका, नाहीतर पहिल्याच हंगामात तुमचा स्ट्रायकर वरच्या क्लबांच्या डोळ्यात भरतो आणि खिडकी उघडताच जातो.