दोन राउटर, एक प्रिंटर: घरातलं नेटवर्क कसं जोडावं

वरच्या मजल्यावरच्या लॅपटॉपला खालचा प्रिंटर दिसत नाही, ही तक्रार इंदूरच्या दुमजली-तिमजली घरांत नेहमीची झाली आहे. लोकमान्यनगर असो की सुदामानगर, खाली फायबरवाल्याने बसवलेला राउटर आणि वर रेंज पोचत नाही म्हणून नंतर आणलेला दुसरा, हीच मांडणी. इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित चालतं, म्हणून दोष प्रिंटरच्या माथी जातो आणि नवा घ्यायची बोलणी सुरू होतात. पैसे काढण्याआधी एक गोष्ट तपासा.

फोन खालच्या वाय-फायला जोडा आणि सेटिंगमध्ये त्याला मिळालेला आयपी पत्ता (नेटवर्कातला त्याचा क्रमांक) बघा. मग वरच्या वाय-फायवर जाऊन पुन्हा बघा. खाली १९२.१६८.१.२३ आणि वर १९२.१६८.०.१०५ असं काही दिसलं, म्हणजे तिसरा आकडा बदलला, तर तुमच्या घरात दोन वेगळी नेटवर्कं आहेत. खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या खाचेत) खोचली की हेच होतं. प्रिंटर ‘मी इथे आहे’ अशी हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर देत असतो. ती हाक राउटर पलीकडे जाऊ देत नाही. फोनमधली प्रिंटरची यादी रिकामी राहते ती यामुळे.

आता पर्याय. घरात सगळी आपलीच माणसं असतील तर मी डोळे मिटून पहिला सांगेन: दुसऱ्या राउटरला अ‍ॅक्सेस पॉइंट करा, म्हणजे तो स्वतःचं नेटवर्क न काढता खालच्याच नेटवर्कचं वाय-फाय वर पुरवेल. बऱ्याच राउटरमध्ये त्यासाठी तयार मोड असतो, तो निवडला की झालं. नसेल तर लॅपटॉप केबलने थेट त्या राउटरला जोडा, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर आहे आणि .२ दुसऱ्या कुणाकडे नाही असं धरून), डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा, आणि खालून आलेली केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये (घरातली यंत्रं जोडायच्या खाचेत) लावा. वॅन पोर्ट मोकळा राहील, राहू द्या. पत्ते वाटायचं काम एकट्या खालच्या राउटरकडे राहतं, सगळी यंत्रं एका नेटवर्कात येतात. खर्च फक्त केबलचा. कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल घ्या. १०० मीटरपर्यंत ती बिनघोर चालते, घराला एवढी लागतही नाही. गच्चीवरून उघड्यावर नेणार असाल तर बाहेर वापरायची, उन्हाला टिकणारी केबलच मागा.

राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत भिंती जाड आणि केबल न्यायला वाट नाही, तिथे मेश (ठिकठिकाणी ठेवायचे, एकमेकांशी बोलणारे वाय-फायचे डबे) घेण्यात अर्थ आहे. मेशचे सगळे डबे मिळून एकच नेटवर्क होतं. पण फायबरवाल्याच्या राउटरच्या पुढे मेश तसाच लावला तर तोही स्वतःचं वेगळं नेटवर्क काढून बसतो आणि पहिला घोळ पुन्हा उभा राहतो. त्याला ब्रिज किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकायला विसरू नका. स्वस्तातला रिपीटर (आलेलं वाय-फाय पुढे फेकणारा डबा) पानं छापायला पुरतो. एकाच बँडवरचा (वाय-फायच्या एकाच लहरपट्टीवर चालणारा) असेल तर वेग निम्म्यावर येतो, लग्नाचे व्हिडिओ एका मजल्यावरून दुसऱ्यावर पाठवताना तो जीव काढतो.

दोन नेटवर्कं तशीच ठेवायची झाली तर? वरून खाली जाता येतं, खालून वर नाही. म्हणजे वरच्या लॅपटॉपमध्ये खालच्या प्रिंटरचा आयपी पत्ता हाताने टाकला तर प्रिंट निघते, पण वरच्या कॉम्प्युटरवरचं फोल्डर खाली उघडत नाही. त्यासाठी पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे खालून आलेली मागणी ठरावीक यंत्राकडे पाठवायची वाट वरच्या राउटरमध्ये उघडणं, करावं लागतं, आणि घरगुती कामासाठी ती यातायात मला पटत नाही.

भाडेकरू असतील तर मात्र विचार बदलतो. भंवरकुआँच्या कोचिंगसाठी आलेली मुलं वर राहतात, नेट तुमचंच वापरतात. त्यांना वेगळा राउटर दिला म्हणजे आपण सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. ते उलटं आहे: त्यांचा राउटर तुमच्या राउटरच्या मागे असेल तर त्यांच्याकडून तुमच्याकडे वाट उघडी असते, तुमच्याकडून त्यांच्याकडे बंद. त्यांना मुख्य राउटरचं गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय) द्या, किंवा मुख्य राउटर त्यांच्याकडे सोडून स्वतःचं सगळं दुसऱ्या राउटरच्या आत घ्या. आणि तुमचाच प्रिंटर चुकून गेस्ट नेटवर्कवर जोडलेला नाही ना, तेही बघा. तिथे यंत्रं सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

फायलींचं काय? शेअर केलेलं फोल्डर तो कॉम्प्युटर चालू असेपर्यंतच मिळतं. विंडोजमध्ये घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ निवडलेलं हवं, ‘पब्लिक’ असेल तर शेअरिंग अडतं. राउटरच्या यूएसबीला हार्डडिस्क लावणं सोपं वाटतं, पण काही जुने राउटर फक्त एसएमबी १ (फायली शेअर करायची जुनी पद्धत) बोलतात, आणि २०१७ च्या शेवटापासून विंडोज १० नव्याने टाकताना ते आपोआप येत नाही किंवा वापरात नसेल तर आपोआप निघून जातं. ते हाताने चालू करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर फायली कुलूपबंद केल्या, त्या याच दारातून शिरून. घरात हिशेबाची किंवा अशिलांची कागदपत्रं असतील तर नास (नेटवर्कला जोडून चालू ठेवायची डिस्कची पेटी) घ्या आणि त्याची प्रत वेगळ्या डिस्कवरही ठेवा.

प्रिंटर घरगुती असेल तर तो बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर चालतो, त्यामुळे वाय-फाय निवडताना तेवढं पाहा. शिवाय मुख्य राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर तो बदलणार नाही.