30 जीएसएमचं क्रॉप कव्हर: गोठणाऱ्या रात्री कुणाला वाचवतं, कुणाला नाही

समशीतोष्ण हवामानातल्या घरबागेत केळ, वृक्षनेचे, ताड, घायपात अशी मंडळी थेट जमिनीत लावली, की हिवाळ्याआधी एक खरेदी ठरलेली असते. पॉलिप्रॉपिलीनचं पांढरं, न विणलेलं कापड. याला कुणी क्रॉप कव्हर म्हणतं, कुणी फ्रॉस्ट फ्लीस. 17, 30 आणि 50 जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) अशा जाड्यांत ते मिळतं. आमचं मत आधीच सांगून टाकतो: 30 जीएसएमचा रोल घ्या, नाडीच्या तयार पिशव्या घेऊ नका, आणि या कापडाकडून पावसापासून बचावाची अपेक्षा ठेवू नका.

जाड्यांमधला फरक खरा आहे. 17 जीएसएमचं कापड साधारण उणे 2 अंशांपर्यंत साथ देतं, 30 जीएसएमचं उणे 4 च्या आसपास, आणि 50 जीएसएमचं त्याहून एक-दोन अंश खाली. पण 17 चं काटेरी पानांना अडकून पहिल्याच हिवाळ्यात फाटतं. 50 चं इतका उजेड अडवतं की सदाहरित झाडावर ते आठवडाभर ठेवणंही बरं नाही. 30 चं दोन-तीन हिवाळे टिकतं आणि कडाक्याच्या रात्री दुहेरी घालता येतं. दोन थरांमध्ये हाताच्या पंजाएवढी पोकळी राहिली, तर त्याच वजनाच्या एका जाड थरापेक्षा ते सरस ठरतं, कारण ऊब धरते ती मधली स्थिर हवा.

पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका, वजन करा. दीड मीटर रुंद, 10 मीटर लांब तुकडा 30 जीएसएमचा असेल तर 450 ग्रॅम भरायला हवा. तो 300 ग्रॅमच भरला, तर हातात 20 जीएसएमचं कापड आहे.

हे कापड स्वतः ऊब तयार करत नाही. जमिनीने दिवसभर शोषलेली उष्णता निरभ्र, वारा पडलेल्या रात्री आकाशाकडे निघून जाते, ती हे काही तास थोपवून धरतं. त्यामुळे कापडाची कड चारही बाजूंनी जमिनीला टेकलेलीच हवी. नाडीच्या पिशव्या नेमक्या इथे फसतात. झाडाच्या माथ्यावर पिशवी चढवून नाडी खोडाला आवळली, की जमिनीची ऊब बाहेरच राहते आणि आतली हवा बाहेरच्या हवेइतकीच गार होते. शिवाय कापड पानांना चिकटतं. ओलं होऊन गोठलं, की जिथे टेकलंय तिथलं पान काळं पडतं. पिशवी घातली तरी पानं करपली, अशी तक्रार करणाऱ्यांच्या झाडावर बहुतेक वेळा हेच डाग दिसतात.

म्हणून सांगाडा हवा. झाडाहून 15 सेंटीमीटर उंच अशा चार बांबूच्या काठ्या रोवा आणि टोकांना चिंध्या गुंडाळा, नाहीतर वारा सुटला की टोकं कापडातून आरपार येतात. झाड 1.2 मीटर उंच आणि सांगाडा 90 सेंटीमीटर रुंद असेल, तर एका बाजूच्या जमिनीपासून दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत 3.6 मीटर, आणि दोन्हीकडे दगडाखाली दाबायला 30-30 सेंटीमीटर, म्हणजे 4.2 मीटर कापड लागतं. खिळे किंवा चिमटे थेट कापडाला लावू नका. कड काठीवर दोन वेढे गुंडाळून मग चिमटा लावला, तर फाटत नाही. थंडीच्या आदल्या दिवशी माती कोरडी असेल तर दुपारीच पाणी द्या. ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते. पाणी मातीलाच द्यायचं, पानांवर अजिबात नको. सकाळी पारा शून्याच्या वर गेला, की एक बाजू उघडा.

बोचरे वारे वाहत असलेल्या थंडीत मात्र एकेरी कापडाचा फारसा उपयोग होत नाही. आतली हवा सतत बदलत राहते. तिथे आधी वाऱ्याच्या बाजूला आडोसा लागतो.

आता झाडांकडे वळू. या कापडाचं सगळ्यात चांगलं काम जपानी केळीवर, मुसा बासजूवर, दिसतं, आणि तेही पेंढ्याच्या जोडीनेच. हिची पानं पहिल्याच गोठणीत काळी पडतात, पण जमिनीतला कंद जाड आच्छादनाखाली कडक हिवाळा काढतो. प्रश्न खोडाचा असतो. खोड वाचलं तर पुढच्या उन्हाळ्यात झाड त्याच उंचीवरून वाढतं, गेलं तर मुनव्यांपासून, म्हणजे कंदातून फुटणाऱ्या पिलांपासून, पुन्हा सुरुवात. पानं करपली की ती देठापासून छाटा. खोडाभोवती चार खुंट्या ठोकून कोंबड्यांच्या जाळीचा दंडगोल उभा करा आणि खोड व जाळीत सगळीकडून किमान 15 सेंटीमीटर जागा ठेवा. त्यात कोरडा पेंढा सैलसर भरा. ठासून भरला तर हवा उरत नाही आणि पेंढा ओला होऊन कुजतो. जाळीवर बाहेरून 30 जीएसएमचे दोन वेढे द्या. आतली वाफ त्यातून बाहेर पडते, म्हणून इथे प्लॅस्टिक चालत नाही. वरून मात्र पाणी न झिरपणारं झाकण हवंच, आणि ते कापडाला न टेकता चार बोटं वर. हे झाकण विसरलं की खोडाच्या गाभ्यात पाणी उतरतं आणि वसंतात हाताला बुळबुळीत लगदा लागतो. तसं झालंच तर खोड वरून पाच-पाच सेंटीमीटरच्या चकत्या करत खाली कापत या. पांढरा, टणक गाभा लागला की थांबा. पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, तिथून वर येतो.

डिक्सोनिया अंटार्क्टिका या वृक्षनेच्याचा जीव माथ्यावरच्या कोंबांत असतो. त्या खळग्यात मूठ-दोन मूठ पेंढा भरा, पानं वर दुमडून सैल बांधा आणि माथा व खोड कापडाने गुंडाळा. याचं खोड म्हणजे मुळांचंच जाळं. ते हिवाळाभर कोरडं राहिलं तर कापड असूनही झाड खंगतं, म्हणून गोठण नसलेल्या दिवशी खोडावर पाणी शिंपडावं.

ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी या ताडाला मोठा झाल्यावर कापडाची गरजच नसते. उणे 10 अंशांच्या आसपासची थंडी तो उघड्यावर सोसतो. तरी लोक त्याला नोव्हेंबर ते मार्च गुंडाळून ठेवतात आणि आत साठलेल्या दमटपणाने मधला कोंब कुजवतात. कोंब हलकेच ओढून पाहावा. तो हातात आला, तर कूज आत पोचली आहे. गुंडाळी तेव्हाच काढा, कुजलेला भाग साफ करा आणि शेंडा पावसापासून आडोशाला ठेवा.

घायपात आणि फड्या निवडुंगासाठी हे कापड जवळजवळ निरुपयोगी. त्यांना थंडीपेक्षा थंडीतला ओलावा मारतो, आणि या कापडातून पाऊस सरळ आत येतो. वर तिरका पॉलिकार्बोनेटचा पत्रा, बाजू मोकळ्या, मुळाशी खडीमिश्रित माती: त्यांचं भागतं. कुंडीतल्या झाडांनाही नुसतं हे कापड पुरत नाही. माथा झाकून कुंडी उघडी ठेवली, तर मातीचा गोळा बाजूंनी गोठतो आणि मुळं मरतात. कुंडीला बबल रॅप किंवा गोणपाट, झाडाला कापड, आणि जागा दिवसा ऊन खाणाऱ्या भिंतीलगत.

कापडाखाली दिव्यांची माळ सोडण्याची युक्ती जुन्या फिलामेंटच्या बल्बांनीच काही अंश देते, एलईडीने जवळपास काहीच नाही. माळ बाहेर वापरण्याजोगी असावी आणि बल्ब कापडाला किंवा पेंढ्याला टेकू देऊ नये. पॉलिप्रॉपिलीन वितळतं, पेंढा पेट घेतो.

आवरण कायमचं काढायचं ते ढगाळ दिवशी. महिनाभर सावलीत राहिलेली पानं लख्ख उन्हात पांढरी पडतात. कापड गार पाण्यात, अगदी थोड्या साबणात धुवा, पिळू नका. सावलीत पूर्ण वाळवून झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर उंदीर त्यातच घर करतात. उन्हाने ठिसूळ होऊन चुरा पडायला लागला, की त्याच दिवशी बागेतून हलवा. हे कापड कुजत नाही, त्याचे धागे मातीत तसेच राहतात, आणि मातीत मिसळलेला चुरा पुन्हा वेचून काढता येत नाही.