डीपीटी की डीआयपीटी: सेमिनारला कुठला रेणू घ्यावा?

रत्नागिरीत एम.एस्सी. करणाऱ्या भाचीने विचारलं, "मामा, सेमिनारला डीपीटी घेऊ की डीआयपीटी?" डीपीटी म्हणजे डायप्रोपिलट्रिप्टामाईन (लहान मुलांची लस नव्हे), डीआयपीटी म्हणजे डायआयसोप्रोपिलट्रिप्टामाईन. दोन्ही ट्रिप्टामाईन या एकाच कुटुंबातले, दोन्ही प्रयोगशाळेत जन्मलेले, दोन्ही भ्रम घडवणारे. तिला दिलेलं उत्तर इथे टाकतोय.

सूत्र दोघांचं एकच: १६ कार्बन, २४ हायड्रोजन, २ नायट्रोजन. पाया इंडोल नावाच्या जोडकड्याचा, मोगऱ्याच्या वासात असतो तोच. फरक त्याला लागलेल्या शेपटीच्या टोकाच्या नायट्रोजनवर. डीपीटीत तिथे दोन सरळ प्रोपिल साखळ्या, डीआयपीटीत दोन फाटे फुटलेल्या आयसोप्रोपिल. बस्स, एवढंच.

इतिहास सांगायचा तर डीपीटी भारी. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ स्टानिस्लाव्ह ग्रोफ आणि सहकाऱ्यांनी दारूचं व्यसन जडलेल्यांच्या आणि शेवटच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांच्या मानसोपचारात ते इंजेक्शनने वापरलं. एलएसडी या प्रसिद्ध भ्रमकारक औषधाचा अंमल दिवसभर रेंगाळतो, याचा काही तासांत उतरतो, ही सोय. न्यूयॉर्कमधला एक छोटा पंथ तर त्याला प्रसाद मानतो. (हे सांगितलंस की मागचे बाक जागे होतील.)

डीआयपीटीची कुंडली त्यामानाने दोन ओळींची: रसायनतज्ज्ञ अलेक्झांडर शुल्गिन आणि मायकल कार्टर यांनी १९८० मध्ये त्याच्यावर निबंध छापला. पण गुण बघ! भावंडं डोळ्यांशी खेळतात, हा कानांशी. आवाज खालच्या पट्टीत ऐकू येतात. आपल्या भजनातली पेटी काळी दोनला लागलेली असावी आणि ऐकणाऱ्याला ती उतरलेली वाटावी, तसं. त्यातही सगळे सूर सारखे उतरत नाहीत, म्हणून एरवी जुळणारे सूर एकमेकांशी भांडू लागतात. फाट्याची जागा बदलली आणि भ्रम डोळ्यांतून कानात गेला. हे का होतं, याचं पटणारं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

रसायनाच्या विद्यार्थ्याला आणखी एक गंमत. मास स्पेक्ट्रममध्ये (रेणू फोडून तुकड्यांचं वजन मोजतात तिथे) दोघांचाही मुख्य तुकडा ११४ वरच, तिथे फसशील. एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजन कुठे बसलेत ते दाखवणारी चाचणी) मात्र लगेच चहाडी करतो: डीआयपीटीत १२ हायड्रोजनांचं एकच डबलेट (दुहेरी शिखर), डीपीटीत मिथिलचं ६ हायड्रोजनांचं ट्रिपलेट (तिहेरी शिखर).

माझं मत डीआयपीटी. सरांना लांबलचक संदर्भयादी हवी असेल, तर मात्र मुकाट्याने डीपीटी घे.

आणि हो, यांची भावंडं डीएमटी आणि डीईटी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत आहेत. गणपतीच्या सुट्टीत लॅब रिकामी असते म्हणून 'करून बघू' असलं काही डोक्यात आणू नकोस. फळा आणि खडू पुरे.