'जुना दगड' या नोंदीतून सुटका: पुरातत्त्वाच्या शब्दयादीचा आठ महिन्यांचा अनुभव

चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी आमची शाळा. एकतीस वर्षं इथे इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे, पण शाळेच्या संग्रहखोलीची किल्ली अजून माझ्याकडेच असते. खोलीत २१४ वस्तू आहेत. काही नांगरताना निघालेल्या, काही माती खणताना. आमच्याकडची जुनी घरं धाब्याची. पावसाळ्याच्या आधी धाब्यावर पांढरी माती टाकायची, ती पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावरून आणायची, आणि तिच्यासोबत खापरं, मणी, कधी पाट्याचा तुकडा घरी यायचा. ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडलेलं बहाळ इथून लांब नाही, तेव्हा कुठलं खापर किती जुनं निघेल ते सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी पैसे देऊन बाहेरच्या एका संस्थेकडून या वस्तूंची नोंदवही करून घेतली. ती उघडली की आजही जीव तुटतो. 'जुना दगड' ही नोंद १९ वेळा. 'मातीचे भांडे, तुटलेले' ४७ वेळा. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीला जात्यांवर प्रकल्प करायचा होता. खोलीत जात्याचे सहा दगड पडलेले, आणि वहीत जातं हा शब्दच नाही!

म्हणून वही पहिल्यापासून लिहायला घेतली आणि ब्रिटनमध्ये वापरतात ती फिशची शब्दयादी उतरवून घेतली. फिश म्हणजे 'फोरम ऑन इन्फर्मेशन स्टँडर्ड्स इन हेरिटेज'. पैसे लागत नाहीत. वस्तूंची यादी वेगळी, वास्तूंची वेगळी, काळाची वेगळी, वस्तू कशापासून घडवली त्याची वेगळी. वास्तू कशी कळली त्याचीही एक यादी आहे: जमिनीवर उंचवटा दिसतो म्हणून, की नुसती कागदोपत्री नोंद आहे म्हणून. हे वेगळेपण मला सगळ्यात मोलाचं वाटलं. आपण एकाच ओळीत 'यादवकालीन काळ्या दगडाची मूर्ती' लिहून टाकतो. काळाचा अंदाज चुकला तर सगळी ओळच चुकते. इथे रकाने वेगळे असल्यामुळे काळ खोडला तरी मूर्ती मूर्तीच राहते.

यादीत प्रत्येक गोष्टीला एकच अधिकृत शब्द, तोही एकवचनी. बाकीची नावं त्या शब्दाकडे बोट दाखवतात. शब्दाच्या वर मोठा गट, खाली पोटप्रकार, शेजारी जवळचे शब्द, आणि शब्द कुठवर लागू होतो याची छोटी टीप. दळायच्या दगडांचंच बघा. पुढेमागे घासून दाणे भरडायचा पाटा आणि गोल फिरवायचं जातं हे त्यांच्याकडे एकाच गटाखालचे दोन वेगळे प्रकार आहेत. आमच्या सहा दगडांपैकी दोनांना मधोमध दाणे टाकायचं तोंड आणि कडेला खुंट्याचं भोक स्पष्ट आहे. तिसरा उचलून उन्हात नेला तेव्हा दिसलं, भोक कुठेच नाही आणि मधला भाग घोड्याच्या खोगिरासारखा खोलगट झिजलाय. तो जात्याचा नव्हेच, पाटा. हा फरक बारीक नाही. ताम्रपाषाण काळातले, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणारे, लोक पाट्यावर दाणे भरडत. फिरतं जातं आपल्याकडे त्यानंतर कित्येक शतकांनी आलं. दोन्हींना 'जुना दगड' म्हटलं की मधली शतकं पुसली जातात.

खापरांना मात्र या यादीचा फार उपयोग नाही. तिथे आपली नावं आधीपासून आहेत आणि ती गावांची आहेत: तापीकाठच्या सावळद्यावरून सावळदा, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या जोर्व्यावरून जोर्वे. जोर्व्याचं चांगलं भाजलेलं खापर नखाने टिचकलं तर खणकन वाजतं. मुलांना मी तेच करायला लावते.

वीरगळ (लढताना मेलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड), बारव, गढी हे शब्द मी फिशच्या यादीत शोधायला गेले, ते तिथे नाहीत. असायचे कशाला? यादी त्यांच्या भूमीवरच्या वास्तूंची आहे. लांबट की गोल, अशा प्राचीन दफन-टेकाडांचे प्रकार तिथे बारकाईने लावलेत. स्कॉटलंड आणि वेल्सनेही वास्तूंच्या आपापल्या याद्या ठेवल्यात. हे कळल्यावर मी शोधणं थांबवलं आणि त्याच पद्धतीने मराठी शब्द मांडायला बसले. आज ६३ शब्द झालेत. विहीर वर, तिच्याखाली बारव आणि मोटेची विहीर. मोटेच्या विहिरीची टीप: मोटेचं पाणी ओतायचं थारोळं आणि मोट ओढणाऱ्या बैलांची धाव दिसली पाहिजे. बारवेची टीप: पाण्यापर्यंत बांधीव पायऱ्या हव्यात.

वीरगळाला वेळ लागला. नदीच्या वाटेवर शेंदूर लावलेला एक दगड आहे. खालच्या चौकटीत ढालतलवार घेतलेला माणूस, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. फोटो काढत होते तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "हाऊ आमना म्हसोबा शे." मी त्यांच्यासमोरच लिहिलं. प्रकार: वीरगळ. गावातलं नाव: म्हसोबा. सध्याचा वापर: पूजा चालू. अधिकृत शब्द ठरला म्हणून आजींचा शब्द खोडायचा नाही, यासाठी तो दुसरा रकाना मी आमच्या वहीत मुद्दाम घातलाय. तुम्हीही घाला.

गावाच्या नावापुढे जिल्हा लिहितानाही सांभाळा. प्रकाशे इथे १९५५ मध्ये उत्खनन झालं तेव्हा ते पश्चिम खानदेशात होतं, पुढे धुळ्यात, आणि १९९८ पासून नंदुरबारमध्ये. तिन्ही नावांनी जुने कागद सापडतात.

इंग्रजीची सवय नसेल तर पहिले पंधरा दिवस कंटाळा येतो, आणि फोनवर वरखाली करत बसण्यापेक्षा लागतील तेवढी पानं छापून घेतलेली बरी. भांडी, दागिने, कापड असलं काही असेल तर अमेरिकेतल्या गेटी संस्थेचा 'आर्ट अँड आर्किटेक्चर थिसॉरस' ही शब्दयादी बघा. तीही फुकट आहे.

२१४ पैकी १७१ नोंदी झाल्यात. आमचे ६३ शब्द कुणाला हवे असतील तर शनिवारी सकाळी शाळेत या, झेरॉक्स काढून देईन. येताना तुमच्या गावात थारोळ्याला आणखी काय म्हणतात ते लिहून आणा.