एक रुपयाचं सदस्यत्व

मार्चमध्ये बाबा पासबुक भरून घ्यायला बँकेत गेले आणि तिथूनच त्यांनी मला फोन लावला. "अगं, दर महिन्याला हे दोनशे नव्याण्णव कोण नेतंय?" बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. चार आणे कमी भरले तरी रात्री झोप न लागणारा माणूस. पासबुकात सात नोंदी निघाल्या, एकूण २,०९३ रुपये. आणि हा उद्योग माझा होता.

ऑगस्टमध्ये आईच्या वाढदिवसाला दादरच्या शिवाजी मंदिरात नाटक बघायचं ठरलं. पैसे मीच देणार असा बाबांचा हट्ट, म्हणून त्यांच्याच फोनवर तिकिटांचं ॲप घेऊन तिकिटं काढली. खिडकीवर जायचा कंटाळा मात्र माझा. शेवटच्या पानावर ७० रुपये सेवाशुल्क दिसलं आणि त्याच्या खाली, सदस्य व्हा, शुल्क माफ, ७ दिवस फक्त १ रुपयात. चौकटीत टिक आधीच केलेली होती. मी ती तशीच राहू दिली. यूपीआयचा पिन दोनदा मागितला, तेव्हाही शंका आली नाही. दुसऱ्या वेळी पानावर 'ऑटोपे', म्हणजे खात्यातून दर महिन्याला आपोआप वसुली, असं लिहिलेलं असणार, पण मी वाचला तो फक्त १ रुपयाचा आकडा. ७० रुपये वाचवले म्हणून वर शेखीही मिरवली.

नाटक झालं, ॲप काढून टाकलं, विषय संपला असं वाटलं. तो संपत नाही. ऑटोपेची परवानगी बँकेकडे नोंदलेली असते. ॲप फोनमध्ये असो वा नसो, पैसे जात राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वसुलीला १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन किंवा ओटीपी लागत नाही. किमान २४ तास आधी सूचना मात्र द्यावी लागते. ती आली होती. सातही वेळा, इंग्रजीत, कर्ज आणि रिचार्जच्या जाहिरातींच्या ढिगात.

रद्द करायला ॲप पुन्हा घ्यावं लागलं. तीन पानं नुसती 'एवढी सवलत सोडणार?' अशी विनवणी, आणि चौथ्या पानावर एक फोन नंबर, वेळ १० ते ६. त्यावर वीस मिनिटं संगीत ऐकलं. शेवटी यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या भागात जाऊन पिन टाकून परवानगीच रद्द केली. दोन मिनिटांचं काम. त्याआधी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घेतला, हे एक शहाणपण सुचलं.

पैसे परत मागितले, तर कंपनीचं उत्तर ठरलेलं होतं, 'ग्राहकाच्या संमतीने'. पण २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत आधीच टिक केलेली चौकट संमती धरता येत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ३० नोव्हेंबर २०२३ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ॲप-वेबसाइटच्या रचनांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यातल्या १३ प्रकारांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे. सदस्यत्व सोडण्याची वाट लपवणं किंवा किचकट करणं हे त्यातच मोडतं. एवढं लिहून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, हे त्याच्यावर बंधनकारक आहे. पोच आली, निवारण नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीला एकदम 'सद्भावना' सुचली आणि शेवटच्या तीन महिन्यांचे ८९७ रुपये परत आले.

उरले १,१९६. मी म्हटलं, "बाबा, जाऊ दे आता." ते ऐकेनात. जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत आहे आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, एवढं त्यांना कळलंय. काल अर्ज स्वतःच्या अक्षरात लिहून काढला, मला दिला आणि म्हणाले, "तुझ्या त्या मशीनवर स्कॅन कर. पासबुकाचं पानही जोड."